साखरझोप आणि चारचा भोंगा : पाळीत काम करणाऱ्यांनी झोप कशी राखावी

माझ्या मोबाईलमध्ये साखर कारखान्याच्या लॅबमधल्या रजिस्टरच्या एका पानाचा फोटो आहे. हंगामातली रात्र, पाळी आठ ते चार. एक वाजेपर्यंतच्या ओळीत अक्षर नेहमीसारखं आहे. तीनच्या ओळीत मिश्र रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचा वगैरे आकडा, एकाखाली एक दोनदा लिहिलाय, दोन्ही वेळा तोच आकडा. त्याच्याखाली पेनाची एक रेघ तिरकी होत पानाच्या कडेपर्यंत गेलीय. मी झोपलो नव्हतो हे आजही शपथेवर सांगेन. डोळे उघडे होते, हातात पेन होतं, समोरच्याशी बोलतही होतो म्हणे. पण ती रेघ निघाली त्या दोन-चार सेकंदांत मी तिथे नव्हतो.

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात धुराडी पेटली की गळीत संपेपर्यंत गावाची झोप भोंग्याच्या ताब्यात जाते. आमच्याकडे पाळ्या चार-बारा-आठ अशा : पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ, आठ ते पहाटे चार. दर आठवड्याला बदल. शिफ्ट केमिस्ट म्हणून मी यात एकोणीस हंगाम काढले. मी डॉक्टर नाही. निम्म्या हंगामांत झोपेचं खोबरं करून घेतलं, मग वाचायला लागलो, स्वतःवर करून बघितलं, जे टिकलं ते इथे लिहितोय. एमआयडीसीतली सात-तीन-अकरा पाळी करणारे, मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्सताई आणि रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी पाजणारे शेतकरी, यांनाही वेळा थोड्या मागेपुढे करून हे वापरता येईल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे शिव्या रात्रपाळीला बसतात. माझ्या हिशेबात झोपेची खरी चोर चारची पाळी आहे. ती साखरझोप नेते.

आधी एवढं समजून घ्या

झोप दोन गोष्टींच्या ओढाताणीतून येते. पहिली म्हणजे दाब. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितके तास जागे, तितका दाब जास्त. झोपलं की उतरतो. बॉयलरवर काम केलेल्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. दुसरी म्हणजे घड्याळ. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. दिवसाच्या कोणत्या वेळी अंग गरम ठेवायचं, कधी गार करायचं, अंधार पडल्यावर मेलाटोनिन कधी सोडायचं, हे तो ठरवतो. दाब आणि घड्याळ या जोडीची मांडणी झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. रात्री दहा-अकराला दाबही भरलेला असतो आणि घड्याळही ‘झोप’ म्हणतं, म्हणून साध्या माणसाला झोप आपोआप लागते. पाळीवाल्याच्या बाबतीत दाब एका दिशेला ओढतो आणि घड्याळ दुसऱ्या. रात्रपाळी करून आलेला माणूस मेल्यासारखा दमलेला असतो आणि तरी सकाळी दहाला टक्क जागा होतो, ते यामुळेच.

हे घड्याळ बाहेरून बसवलेलं नाही. १७२९ मध्ये दे मेरां या फ्रेंच माणसाने लाजाळूचं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. आपल्या बांधावर उगवणारी लाजाळू ती हीच. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी सावकाश चालतं. रोज उन्हाने ते जुळवलं जातं. सावकाश चालत असल्यामुळे त्याला पुढे ढकलणं, म्हणजे उशिरा झोपून उशिरा उठणं, सोपं जातं. मागे ओढणं अवघड. हे लक्षात ठेवा, पाळी बदलताना लागेल.

आता साखरझोप. कीर्तनात आपण जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था ऐकत मोठे झालो. गाढ झोप आणि स्वप्नाची झोप वेगळी, हे यंत्राने दिसलं १९५३ मध्ये, शिकागोत, युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांना. झोपलेल्या माणसाची बुबुळं पापण्यांखाली भराभर फिरत होती आणि मेंदूच्या लहरी जवळपास जाग्या माणसासारख्या होत्या. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटेच्या भागात स्वप्नाची जास्त. पहाटेची ती हलकी, गोड झोप म्हणजेच आपली साखरझोप. अंगाची झीज गाढ झोपेत भरून निघते. मनाचा कढ निवायला साखरझोपेची मोठी मदत होते. पावणेतीनला गजर लावून उठणारा माणूस गाढ झोप बरीचशी वसूल करतो, पण साखरझोपेचा मोठा हिस्सा गमावतो. चारच्या पाळीच्या आठवड्यात माझी घरात जेवढी भांडणं झाली तेवढी रात्रपाळीत कधी झाली नाहीत. आमटीत मीठ कमी, एवढ्यावरून.

पायरी १ : चौदा दिवसांची वही

काहीही बदलण्याआधी दोन आठवडे लिहा. शाळेची चाळीस पानी वही पुरते. रोज एक ओळ : अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे झोप कधी लागली, कितीदा जाग आली, उठलो कधी, दिवसा डुलकी किती, शेवटचा चहा कधी, उघड्या आभाळाखाली किती वेळ होतो. शेवटी कामाच्या मध्यावर पेंग किती आली, त्याला दहापैकी गुण.

अंदाजानेच लिहा. रात्री घड्याळ बघून नोंद करायला गेलात तर घड्याळ बघण्यापायीच झोप जाईल. मला स्वतःला वहीने दोन गोष्टी दाखवल्या. मी ‘चार तास झोपतो’ असं सगळ्यांना सांगायचो, तुकडे जोडल्यावर ते साडेपाच निघाले. आणि बारा-आठच्या सोप्या पाळीत मी सगळ्यात उशिरा झोपत होतो, रात्री एकला, मोबाईल बघत. म्हणजे त्या आठवड्यात कारखान्याने नेलेली झोप शून्य, मी स्वतः उधळलेली दोन तास.

सुट्टीच्या दिवशी गजर न लावता किती वाजता जाग येते तेही लिहा. काही माणसं जन्मतःच कोंबड्याबरोबर उठणारी असतात, काही रात्रीची. पाळ्यांची अदलाबदल करायची मुभा असेल तर हे ओळखून करा. वयाचाही भाग आहे. याच क्लाइटमननी १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत एका तरुण सहकाऱ्याबरोबर बत्तीस दिवस काढले, अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून. तरुण सहकाऱ्याचं शरीर त्या दिवसाला जुळलं, त्रेचाळिशीच्या क्लाइटमनचं नाही. आमच्या पॅनवरचे (रस आटवून साखरेचा दाणा धरतात त्या भांड्यावरचे) तात्या हे एका वाक्यात सांगायचे : “साहेब, पंचविशीत पाळी मी फिरवायचो. आता पाळी मला फिरवतीय.”

पायरी २ : उजेडाचा हिशेब

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. घड्याळ जुळवणारी किल्ली उजेड आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की ज्यांचं मुख्य काम उजेड मोजून त्या वीस हजारांच्या पुंजक्याला कळवणं हे आहे. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. घरातल्या ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो. ढगाळ सकाळीसुद्धा अंगणात त्याच्या कितीतरी पट, हजारांत असतो. भर उन्हात लाखापर्यंत जातो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, घड्याळाला जाणवतो.

नियम असा. अंगाचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं. त्या बिंदूच्या आधी डोळ्यांवर जोरात उजेड पडला तर घड्याळ पुढे ढकललं जातं, म्हणजे झोप उशिरा यायला लागते. त्या बिंदूनंतर पडला तर घड्याळ मागे ओढलं जातं, म्हणजे रात्री झोप लवकर येते.

इथे एक आडवाट. आपलं भिंतीवरचं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशावर चालतं, आणि सांगली त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या सुमारास. जानेवारीत सूर्य उगवतो तो सात वाजून गेल्यावर. म्हणजे चारच्या पाळीचा माणूस अर्ध्या तासाचा तोटा आधीच घेऊन उठतो. भोंग्याला चार वाजलेले असतात, सूर्याच्या हिशेबाने साडेतीन.

पायरी ३ : पाळीप्रमाणे वेळापत्रक

*आठ ते चार.* ही पाळी वाईट आहे, पण हिच्यात एक सोय दडलेली आहे : तुम्ही अंधारात घरी येता. सातला सुटणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर घरी जाताना कोवळं ऊन पडतं आणि घड्याळ जागं होतं. तुमचं तसं होत नाही, तर ही संधी घालवू नका. रात्री आठ ते एक भरपूर उजेडात राहा. दीडनंतर जमेल तितका उजेड कमी. कामाच्या जागेचे दिवे सुरक्षिततेसाठी लागतात, ते बंद करायचे नाहीत. पण जेवणाच्या खोलीत डोळ्यांसमोर मोबाईल धरू नका. सुटल्यावर टपरीवर तासभर बसू नका. पाचच्या आत अंथरुणावर, खोली अंधारी, साडेअकरापर्यंत झोप. साखरझोपेची वेळ यात पूर्ण सापडते. उठल्यावर उन्हात जेवढं राहाल तेवढं चांगलं. आठवड्याच्या पहिल्या रात्रीआधी दुपारी दीड तास झोप काढून घ्या.

*चार ते बारा.* इथे माझा जीव अडकलाय, म्हणून जरा सविस्तर. सगळे सांगतात, ‘पावणेतीनला उठायचंय ना, मग साडेसातला झोपा.’ मी सात हंगाम साडेसातला झोपायचा प्रयत्न केला. छपराकडे बघत नऊ वाजायचे, आणि मग ‘आता पाचच तास उरले’ या भीतीने दहा. दोष माझा नव्हता. इस्रायलच्या पेरेत्झ लाव्ही यांनी १९८६ मध्ये लोकांना सात मिनिटं झोपायचा प्रयत्न आणि तेरा मिनिटं जाग, असं दिवसरात्र करायला लावलं. रात्रीच्या नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास असे निघाले की आदल्या रात्री न झोपलेल्यांनासुद्धा त्या वेळी झोप येईना. दिवसभराच्या दाबाविरुद्ध घड्याळ त्याच वेळी सगळ्यात जोर लावतं. साडेसातला अंथरुणावर पडणं म्हणजे बंद फाटकावर डोकं आपटणं.

म्हणून झोपेचे दोन तुकडे करा आणि दोन्हीचा मान राखा. मोठा तुकडा नऊ ते पावणेतीन. धाकटा तुकडा दुपारी दीड ते तीन. जेवणानंतरची ती सुस्ती जेवण केलं नाही तरी येते. घड्याळातच दुपारचा एक खड्डा आहे, त्याचा फायदा घ्या. दोन्ही मिळून सात तासांच्या आसपास बसतात, आणि मोठ्या माणसाला निदान सात तास लागतातच. दुपारी साडेतीननंतर मात्र आडवं व्हायचं नाही, नाहीतर रात्रीसाठी दाबच उरत नाही. संध्याकाळी सातपासून घरातली ट्यूब बंद, पिवळा बल्ब चालू. आमच्याकडे यावरून पहिले चार दिवस “देवळात बसल्यासारखं वाटतंय” असं ऐकावं लागलं. आणि सकाळी सात-सव्वासातला चहाची सुट्टी मिळते तेव्हा शेडमध्ये न बसता केन यार्डाकडे (उसाच्या गाड्या उभ्या राहतात तिकडे) चालत जा, पूर्वेकडे तोंड करून पंधरा-वीस मिनिटं. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही. हे चार-पाच दिवस केलं की रात्री नऊची झोप साडेआठकडे सरकते.

*बारा ते आठ.* सोपी पाळी. अकराला झोपा, सातला उठा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

*बदलाचा दिवस.* पाळी चार, मग बारा, मग आठ या क्रमाने फिरत असेल तर ती घड्याळाच्या सावकाशपणाला धरून आहे. उलटी फिरत असेल तर युनियनमार्फत बोलून बघा. पैसा न लागणारी मागणी आहे. सगळ्यात अवघड उडी आठच्या पाळीवरून चारच्या पाळीवर. त्या दिवशी पहाटे पाच ते साडेआठ एवढंच झोपा, उठून थेट उन्हात जा, दिवस रेटा, दुपारी फार तर वीस मिनिटं डोळा लावा आणि रात्री नऊला पडा. जड जातो तो दिवस. त्या दिवशी कुणाच्या लग्नाला गाडी घेऊन जाऊ नका.

*रात्रीची लाईट.* शेतकऱ्याची रात्रपाळी तीन-चार दिवसांची आणि मग पुन्हा दिवसाची लाईट, त्यामुळे घड्याळ फिरवायच्या भानगडीत पडू नका. ते दिवसाचंच ठेवा. लाईट यायच्या आधी जेवढी मिळेल तेवढी झोप घ्या. दारं मोडायला (सरीत पाणी वळवायला) जाताना बॅटरी हवीच, पायाखाली काय आहे ते दिसलंच पाहिजे; उजेड जमिनीवर राहू द्या. परत आल्यावर आणि दुपारी अशा दोन तुकड्यांत भरपाई करा.

पायरी ४ : दिवसा अंधार

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण रात्री झोपणाऱ्यांनी केली असावी. दिवसा झोपणाऱ्याला धोंडा चालत नाही. पत्र्याचं छप्पर, कुकरच्या शिट्ट्या, ग्रामपंचायतीचा स्पीकर, भंगारवाला, वर लग्नसराई.

अंधारासाठी पडद्यांवर खर्च करायची गरज नाही. टोमॅटोच्या बेडवर अंथरतात तो मल्चिंग पेपर शेजाऱ्याकडे उरलेला असतोच. चंदेरी बाजू बाहेर, काळी आत, आणि चिकटपट्टीने खिडकीच्या चौकटीला लावा. चंदेरी बाजूने ऊनही परततं. वरची चार बोटं जागा वाऱ्यासाठी सोडा. पुढे हात धरला तर बोटं दिसू नयेत, एवढा अंधार हवा. कान झाकायला पंख्याचा एकसारखा आवाज पुरतो.

पडायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ करा, निदान पाय धुवा. ऐकायला उलटं वाटतं, पण गरम पाण्याने हातापायांच्या कातडीकडे रक्त येतं, तिथून अंगातली उष्णता बाहेर जाते, आतलं तापमान उतरतं, आणि ते उतरलं की झोप येते.

घरच्यांशी करार करावा लागतो. आमच्याकडे दाराच्या कडीला माझी कामावरची टोपी अडकवलेली असली की कुणी हाक मारायची नाही, गॅसची टाकी आली तरी. पाहुण्यांना राग येतो. येऊ दे. रात्री दोन वाजता आपण त्यांना फोन करत नाही.

पायरी ५ : चहा, तंबाखू, दारू, जेवण

चहा ॲडिनोसिनचा दाब कमी करत नाही, फक्त काटा झाकतो. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला पाचेक तास लागतात. पहाटे पाचला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री अकराला. पहाटे तीनचा कट चहा हा आमच्याकडे धर्म आहे, तो सोडायला मला दोन हंगाम लागले. तंबाखू, मिश्री, गुटखा यांतलं निकोटिनही उत्तेजकच. ‘थोडी घेतली की झोप छान लागते’ म्हणतात त्यांना झोप लवकर लागते हे खरं. पण दारू उतरताना झोपेचा दुसरा अर्धा भाग फाटतो आणि साखरझोप दबते. भाकरी-भाजी पाळीवर जायच्या आधी खा, मध्यरात्री हलकं काहीतरी. पोटालाही आपलं घड्याळ असतं, आणि पहाटे दोनला ते कामावर नसतं.

पायरी ६ : डुलकी

परवानगी आणि जागा असेल तर वीस मिनिटं, नाहीतर पूर्ण दीड तास. मधल्या पाऊण-एक तासाची डुलकी वाईट, कारण गजर वाजतो तेव्हा माणूस गाढ झोपेच्या तळाशी असतो. उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास मेंदूवर धुकं असतं. अशा धुक्यात एका सहकाऱ्याने चुकीचा व्हॉल्व्ह उघडलेला मी बघितलाय. इजा कुणाला झाली नाही, पण पॅनमधला दाणा विरघळला. म्हणून डुलकीनंतरची पहिली वीस मिनिटं व्हॉल्व्ह, पट्टा, स्टेअरिंग यांपैकी कशालाच हात लावायचा नाही. अर्धा कप चहा पिऊन लगेच वीस मिनिटं पडायचं हा डाव चांगला चालतो. कॅफिन चढायला तेवढाच वेळ लागतो. फक्त तो पाळीच्या पहिल्या अर्ध्यात खेळा.

तात्या पॅनवर बसल्याबसल्या डुलकी कधी घेत नसत. पेंग आली की उठून प्रूफ स्टिक (पॅनमधला नमुना काढायचा दांडा) ओढायचे, काचेवर थेंब पसरायचे, दिव्यासमोर धरून दाणा बघायचे. दर दहा मिनिटांनी. मला वाटायचं माणूस फार काटेकोर आहे. एकदा म्हणाले, “दाणा कशाचा बघतोय, मी जागा हाय का ते बघतोय.”

पायरी ७ : घरी जाताना

हे मी सगळ्यात ठळक लिहायला हवं होतं. पहाटे चारला सुटलेला माणूस मोटरसायकलवर बसतो तेव्हा दाब शिगेला आणि अंगाचं तापमान तळाला असतं. रजिस्टरमध्ये माझ्या पेनाची रेघ ओढणारी ती चार सेकंदांची गैरहजेरी इथे होते. ताशी चाळीसच्या वेगाने चार सेकंदांत गाडी चव्वेचाळीस मीटर जाते. आणि आपल्या रस्त्यांवर त्या वेळी काय असतं ते तुम्हाला माहीत आहे : उसाने भरलेल्या डबल ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर लोंबणारं वाढं.

सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाच्या चाचण्या दारू प्यायलेल्यासारख्या येतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं. वाऱ्याने जाग येते, गाणी लावली की झोप उडते, यावर विसंबू नका. मागची दोन-तीन किलोमीटर आठवत नाहीत, गाडी कडेच्या खडीला लागली, मान हलली, यांपैकी एकही घडलं तर थांबा. त्यापेक्षा निघायच्या आधीच वीस मिनिटं पडा, उठून तोंड धुऊन दहा मिनिटं चाला आणि मग किक मारा. दोघं असाल तर मागच्याने झोपायचं नाही, बोलत राहायचं.

पायरी ८ : अंथरुणावर पडूनही झोप येत नसेल तर

अंथरुण फक्त झोपेसाठी आणि नवरा-बायकोसाठी. तिथे मोबाईल नाही, हप्त्यांचे हिशेब नाहीत. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. मी लसूण सोलतो. पेंग आली की परत या. परत नाही आली तर परत उठा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि निद्रानाशावरच्या आजच्या उपचारातही ती आहे. तत्त्व सोपं : अंथरुण दिसलं की मेंदूला काळजी न आठवता झोप आठवली पाहिजे. पहिले पाच-सहा दिवस झोप उलट कमी होते, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. त्या दिवसांत यंत्रावरचं किंवा गाडीवरचं काम असेल तर सुट्टीला जोडून सुरू करा.

शेजाऱ्याच्या डब्यातली झोपेची गोळी घेऊ नका.

झोपेच्या उंबऱ्यावरचे प्रकार

पाळीवाल्यांना हे जास्त होतात आणि लाजेने कुणी बोलत नाही. डोळा लागता लागता पायरी चुकल्यासारखा दचका बसतो. निरुपद्रवी आहे, दमल्यावर जास्त बसतो. कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं ऐकू येतं. जागृती संपून स्वप्न सुरू होतं त्या सांध्यावर असं होतं.

तिसरा प्रकार भीतीदायक. जाग येते, खोली दिसते, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे. आमच्या गावात याला ‘मुंजा बसला’ म्हणतात आणि लिंबू उतरवतात. स्वप्नाच्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू मुद्दाम सैल करून ठेवतो, म्हणजे आपण स्वप्नात पळताना खरोखर पळत सुटू नये. कधीकधी मन जागं होतं आणि स्नायूंची कडी निघायची राहते, उरलेलं स्वप्न जाग्या डोळ्यांसमोर चालू राहतं. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. झोप तुटक झाली, वेळा बदलल्या, उताणं झोपलं की शक्यता वाढते. मला चारच्या पाळीच्या दुपारच्या झोपेत तीनदा झालंय. धडपडू नका, पायाचं एक बोट हलवण्यावर लक्ष ठेवा, सुटतं. कुशीवर झोपा.

डॉक्टरकडे कधी

झोप लागत नाही हे आठवड्यातून तीन-चार दिवस आणि तीन महिने चाललंय. घोरताना श्वास थांबतो आणि गुदमरून जाग येते असं घरचे सांगतात. संध्याकाळी पायांत मुंग्यांसारखी वळवळ होऊन पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. गाडीवर डोळा लागला. आठवडेच्या आठवडे मन कशातच लागत नाही, जगणं नकोसं वाटतं. यांपैकी काहीही असेल तर वर लिहिलेल्या पायऱ्यांवर वेळ घालवू नका. श्वास थांबण्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी असते, सांगली-मिरजेत छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. साखरेची, रक्तदाबाची, फिटची गोळी चालू असेल तर पाळी बदलताना गोळीची वेळ काय ठेवायची हे आधी विचारून घ्या. डॉक्टरला पाळीच्या वेळा कागदावर लिहून द्या. चौदा दिवसांची वही नेली तर उत्तमच.

हंगाम संपल्यावर

गळीत संपलं की ओव्हरहॉलिंग सुरू होतं आणि सगळे आठ-पाचच्या जनरल पाळीत येतात. पहिल्या आठवड्यात भोंगा नसतानाही पावणेतीनला डोळे उघडतात. उठू नका, दिवा लावू नका, वेळ बघू नका. घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकतं, त्याला तेवढे दिवस द्या. सकाळी उठायची वेळ एकच ठेवा आणि चहा अंगणात घ्या. साधारण आठव्या-नवव्या दिवशी असं होतं की पहाटे एक लांबलचक, मूर्खपणाचं स्वप्न पडतं, बैल बोलतोय, शाळेचा पेपर कोरा आहे वगैरे, आणि जाग येते तेव्हा खिडकीच्या चार बोटांतून उजेड आलेला असतो. त्या दिवशी खिडकीचा मल्चिंग पेपर काढून गुंडाळून माळ्यावर टाकायचा. दिवाळीला परत लागतो.